अर्बुदातील पेशीग्राहींच्या जोड्यांचे मापन : प्रतिदीप्तीवर आधारलेल्या पद्धती

कर्करोगाच्या गाठीत एखादे प्रथिन किती प्रमाणात आहे हे सांगणे आणि ते प्रथिन तेथे कोणते कार्य करीत आहे हे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आता नित्याची झाली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळदा पहिल्यावरून अनुमानाने काढले जाते. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राही प्रथिनांचे कार्य परस्परांशी जोडी जमल्यानेच सुरू होते, त्यांच्या बाबतीत हे अनुमान कितपत विश्वसनीय आहे, आणि जोड्या प्रत्यक्ष मोजण्यासाठी प्रतिदीप्तीचा उपयोग कसा करून घेता येतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणासाठी स्तनाच्या कर्करोगातील हर-२ हा ग्राही व त्याचे सगोत्र ग्राही निवडले आहेत, कारण या मापनावर रुग्णाची चिकित्सा अवलंबून राहू शकते हे तेथे सर्वांत स्पष्ट दिसते.

१. संख्या आणि जोडी

अधित्वचीय वृद्धिघटकाच्या ग्राहींचे कुल चार सदस्यांचे आहे. त्यांना हर-१, हर-२, हर-३ व हर-४ असे म्हणतात. प्रत्येक ग्राहीचा एक भाग पेशीबाहेर, एक आखूड भाग पेशीपटलात व उरलेला भाग पेशीच्या आत असतो. आतील भागात टायरोसीन या अमिनो अम्लावर फॉस्फेट बसविणारे एंझाइम असते. बाहेरून वृद्धिघटक येऊन चिकटला म्हणजे दोन ग्राही एकत्र येतात, त्यांची एंझाइमे कार्यान्वित होतात आणि पेशीविभाजनाचा संदेश आत जातो. वृद्धिघटकामुळे ग्राहींची जोडी जमते आणि जोडी जमल्यानेच एंझाइम जागे होते, हे मत यार्डेन व श्लेसिंजर यांनी १९८७ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. २००२ मध्ये हर-१ च्या बाह्य भागाची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा या जोडीचे स्वरूप डोळ्यांपुढे आले. दोन्ही ग्राहींमधून एकेक भुजा बाहेर येते व या भुजा एकमेकींस धरतात, वृद्धिघटक स्वतः जोडीच्या मध्ये येत नाही, असे त्यात आढळले. २००६ मध्ये असेही दिसून आले की आतील दोन एंझाइमे परस्परांशी समान नात्याने बसत नाहीत. एक दुसऱ्यास चेतविते आणि दुसरे कार्य करू लागते.

या कुलातील दोन सदस्य एकेकटे अपुरे आहेत. हर-२ ला चिकटणारा कोणताही वृद्धिघटक ज्ञात नाही. मात्र त्याची भुजा वृद्धिघटकाच्या अभावीही उघडीच असते, हे २००३ मध्ये त्याच्या रचनेवरून सिद्ध झाले. उलट हर-३ ला वृद्धिघटक चिकटतो, पण त्याचे स्वतःचे एंझाइम अतिशय दुर्बल असते. तथापि दुसऱ्यास चेतविण्यासाठी स्वतः सबल असण्याची आवश्यकता नसल्याने, हर-२ व हर-३ एकत्र आले म्हणजे या कुलातील अत्यंत प्रभावी अशी जोडी निर्माण होते. हर-३ च्या आतील भागावर फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल-३-कायनेज या एंझाइमास पकडून ठेवणाऱ्या सहा जागा आहेत. त्यामुळे पेशी जिवंत राखणारा संदेश या जोडीकडून विशेष जोराने जातो.

हर-२ च्या संख्येचे महत्त्व १९८७ मध्ये स्लामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्यांनी तपासलेल्या स्तनाच्या १८९ अर्बुदांपैकी सुमारे ३० टक्क्यांत हर-२ च्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या व अशा स्त्रियांत रोग लवकर उलटत होता. या शोधातून ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड औषध म्हणून पुढे आले व १९९८ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. तेव्हापासून हर-२ ची गणना हा निदानाचा भाग झाला. ऊतकाच्या छेदावर प्रतिपिंडाने रंजन करून ० ते ३ अशी श्रेणी देतात आणि श्रेणी २ आल्यास जनुकाच्या प्रती मोजतात.

पुढे पर्टुझुमॅब हे दुसरे प्रतिपिंड आले. ट्रास्टुझुमॅब हे हर-२ च्या पटलालगतच्या भागास चिकटते; पर्टुझुमॅब नेमके जोडी जमविणाऱ्या भुजेवर बसते व ती झाकून टाकते. २०१२ मध्ये त्यास मान्यता मिळाली. ८०८ रुग्णांवरील क्लिओपात्रा या चाचणीत, ट्रास्टुझुमॅब व डोसिटॅक्सेल यांना पर्टुझुमॅबची जोड दिल्यावर रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यांक ४०.८ महिन्यांवरून ५६.५ महिन्यांवर गेला. ही वाढ मोठी आहे यात शंका नाही. परंतु एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. जोडी मोडण्यासाठी योजलेल्या या औषधाचे रुग्ण निवडले गेले ते हर-२ च्या संख्येवरून. त्यांच्या अर्बुदांत जोड्या किती होत्या, यावरून नव्हे. संख्या मोठी असूनही जोड्या थोड्या असतील, किंवा संख्या बेताची असूनही हर-३ शी झालेल्या जोड्या पुष्कळ असतील, तर गणनेवर विसंबणारी निवड दोन्ही दिशांनी चुकू शकेल. जोड्या मोजण्याच्या खटाटोपाचे प्रयोजन हेच होय.

२. सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

दोन ग्राहींना दोन वेगळ्या रंगांची प्रतिदीप्त द्रव्ये जोडावी आणि जेथे दोन्ही रंग एकत्र दिसतील तेथे जोडी आहे असे मानावे, हा उपाय प्रथमदर्शनी सोपा वाटतो. प्रतिदीप्ती म्हणजे एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश लगोलग बाहेर टाकण्याचा पदार्थाचा गुण. पण साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकास सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, आणि जोडीतील ग्राही एकमेकांपासून काही थोड्याच नॅनोमीटरांवर असतात. हर-२ विपुल असलेल्या पेशीवर २०० नॅनोमीटर व्यासाच्या एका वर्तुळात या ग्राहीचे पन्नासएक रेणू सहज मावतात. तेव्हा रंगांची एकस्थानता हा जोडीचा पुरावा ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीपलीकडचे अंतर ओळखणारी खूण प्रकाशाच्या अन्य एखाद्या गुणात शोधावी लागते.

३. अनुनादी ऊर्जासंक्रमण

अशी खूण थिओडोर फॉर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाच्या सिद्धान्तातून मिळाली. १९४६ व १९४८ मधील लेखांत त्याने दाखविले की, प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू (दाता) आपली ऊर्जा प्रकाश न टाकताच शेजारच्या दुसऱ्या रेणूस (आदाता) देऊ शकतो. त्यासाठी दात्याच्या उत्सर्जनाचा वर्णपट व आदात्याच्या शोषणाचा वर्णपट एकमेकांवर काही अंशी पडले पाहिजेत. या संक्रमणाची कार्यक्षमता पुढील सूत्राने मिळते :

कार्यक्षमता = १ ÷ [१ + (अंतर ÷ फॉर्स्टर-अंतर)चा सहावा घात]

ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा संक्रमित होते त्यास फॉर्स्टर-अंतर म्हणतात. नेहमीच्या द्रव्यांच्या बाबतीत ते साधारणपणे ५ नॅनोमीटरांच्या आसपास असते. सहाव्या घातामुळे ही पद्धत अत्यंत संवेदनशील बनते. अंतर फॉर्स्टर-अंतराच्या निम्मे असेल तर ९८ टक्क्यांहून अधिक ऊर्जा जाते. दीडपट झाल्यास ८ टक्के, आणि दुप्पट झाल्यास जेमतेम दीड टक्का. १९६७ मध्ये स्ट्रायर व हॉगलंड यांनी प्रोलीनच्या १ ते १२ घटकांच्या साखळ्यांच्या दोन टोकांस दाता व आदाता बसवून हा नियम प्रयोगाने पडताळला आणि या घटनेचा उपयोग रेणूंमधील अंतरे मोजण्याच्या मोजपट्टीसारखा करता येतो हे सिद्ध केले. पेशीपृष्ठावरील प्रथिनांसाठी ही मोजपट्टी प्रथम वापरणाऱ्यांत हंगेरीतील डेब्रेत्सेन येथील संशोधकांची गणना होते. १९८४ मध्ये त्यांनी प्रवाही पेशीमापकात एकेका पेशीवरील ऊर्जासंक्रमण मोजण्याची रीत प्रसिद्ध केली.

संक्रमण झाले किंवा नाही हे ओळखण्याचे दोन मार्ग विशेष प्रचलित आहेत. पहिल्या मार्गात तीव्र प्रकाशाने आदात्याचे विरंजन करतात. आदाता नष्ट झाल्यावर दात्याची ऊर्जा कोठे जात नाही, म्हणून त्याची दीप्ती वाढते. ही वाढ जितकी अधिक तितके संक्रमण अधिक. हा मार्ग सोपा आहे, परंतु एका जागी मापन एकदाच होऊ शकते.

दुसरा मार्ग दात्याच्या उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल मोजण्याचा आहे. हा काल काही नॅनोसेकंदांचा असतो आणि शेजारी आदाता असल्यास तो घटतो. कार्यक्षमता ही घटीच्या प्रमाणाइतकी असते : दात्याचा आयुःकाल एकट्याने २.४ नॅनोसेकंद असून आदात्याच्या सान्निध्यात २.१ झाला, तर कार्यक्षमता १२.५ टक्के होय. आयुःकाल हा दात्याच्या रेणूंच्या संख्येवर किंवा प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून नसल्यामुळे, जेथे रंजन सर्वत्र सारखे होत नाही अशा ऊतकाच्या छेदांसाठी हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. या पद्धतीने गादेया व जोविन यांनी १९९५ मध्ये ए-४३१ या मानवी कर्कपेशींवर हर-१ चे काही रेणू वृद्धिघटक येण्यापूर्वीच एकत्र असतात असे दाखविले.

मात्र येथेही एक संदिग्धता राहते. वरील उदाहरणातील १२.५ टक्क्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. दात्यांपैकी एक चतुर्थांश जोडीत असतील आणि त्यांची कार्यक्षमता ५० टक्के असेल. किंवा सर्वच दाते जोडीत असून आदाता फॉर्स्टर-अंतराच्या सुमारे १.४ पट दूर असेल. सरासरी आयुःकाल दोन्हींत एकच येतो. जोड्यांची संख्या व जोडीतील अंतर या दोन राशी वेगळ्या काढावयाच्या तर दीप्तीच्या ऱ्हासाचा संपूर्ण आलेख घेऊन त्यात दीर्घ व अल्प असे दोन आयुःकाल मिसळलेले आहेत काय, हे तपासावे लागते. त्यासाठी प्रकाशकणही पुष्कळ गोळा करावे लागतात.

रुग्णाच्या ऊतकात आणखी दोन अडचणी येतात. प्रतिपिंडाचा रेणू स्वतःच १० ते १५ नॅनोमीटर लांबीचा असतो. प्राथमिक प्रतिपिंडावर दुय्यम प्रतिपिंड व त्यावर रंगद्रव्य अशी उतरंड रचली, तर ग्राही एकमेकांस चिकटलेले असूनही रंगद्रव्ये मोजपट्टीच्या आवाक्याबाहेर जातात. म्हणून रंगद्रव्य थेट प्राथमिक प्रतिपिंडास, शक्य तर त्याच्या लहान तुकड्यास, जोडावे लागते. दुसरी अडचण अशी की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले ऊतक स्वतःच प्रतिदीप्त होते व त्या दीप्तीचा आयुःकाल मापनात मिसळतो. केवळ दाता लावलेला लगतचा छेद प्रत्येक वेळी सोबत मोजल्याखेरीज कोणताही आकडा ग्राह्य मानता येत नाही.

४. डीएनएच्या साहाय्याने समीपतेची खूण

ऊर्जासंक्रमणाची दीप्ती मंद असते. ती वाढविण्याऐवजी समीपतेचेच रूपांतर मोठ्या व मोजता येण्याजोग्या खुणेत करावे, या विचारातून स्वीडनमधील उपसाला येथे समीपता-बंधन पद्धती निघाली. २००६ मध्ये सोडरबर्ग व सहकाऱ्यांनी तिचा उपयोग पेशींत व ऊतकात प्रथिनांच्या एकेकट्या जोड्या पाहण्यासाठी केला. दोन ग्राहींना दोन भिन्न प्राण्यांपासून मिळविलेली प्रतिपिंडे लावतात. त्यांवर बसणाऱ्या दुय्यम प्रतिपिंडांना डीएनएचे आखूड धागे जोडलेले असतात. दोन धागे पुरेसे जवळ असतील तरच मागाहून घातलेले आणखी दोन तुकडे त्यांवर बसून, लायगेज या एंझाइमाने सांधले जाऊन, डीएनएचे एक वर्तुळ तयार होते. नंतर फाय-२९ या विषाणूचे पॉलिमरेज एंझाइम त्या वर्तुळाभोवती फिरत फिरत त्याच्या प्रती एकामागून एक काढते. तासाभरात सुमारे हजार प्रतींचा गुंता तयार होतो. त्यावर प्रतिदीप्त शोधक बसविले की सूक्ष्मदर्शकात एक ठळक ठिपका दिसतो. एकेका पेशीतील ठिपके मोजता येतात व कोणत्या पेशी अर्बुदाच्या आणि कोणत्या भोवतालच्या हेही ओळखता येते.

हा लाभ मोठा असला तरी त्याची किंमत अंतराच्या स्वरूपात द्यावी लागते. दुय्यम प्रतिपिंडांसह या पद्धतीचा आवाका सुमारे ४० नॅनोमीटरपर्यंत जातो. शिवाय प्रत्येक जोडीमागे एक ठिपका उमटतोच असे नाही. पुष्कळ जोड्या ठिपक्याविना राहतात. म्हणून ठिपक्यांची संख्या ही सापेक्ष राशी समजावी. तीवरून जोड्यांची खरी संख्या सांगता येत नाही.

५. तुटून निघणाऱ्या खुणा

कॅलिफोर्नियातील एका कंपनीने विकसित केलेल्या व्हेराटॅग पद्धतीत एका प्रतिपिंडास प्रकाशाने चेतणारे द्रव्य व दुसऱ्यास प्रतिदीप्त खूण जोडतात. छेदावर लाल प्रकाश टाकला म्हणजे पहिल्या द्रव्याकडून एकक अवस्थेतील ऑक्सिजन निर्माण होतो. तो अत्यल्पजीवी असल्याने जवळपासच पोचतो आणि तेथील खुणेचा बंध तोडतो. सुट्या झालेल्या खुणा गोळा करून केशनलिकेतील विद्युत्-पृथक्करणाने मोजतात व येणारी राशी अर्बुदाच्या क्षेत्रफळाने भागतात. या रीतीने हर-२ ची एकूण राशी व हर-२ च्या परस्परांतील समजोड्या या दोन्ही मोजण्यात आल्या. उत्तर अखंड मापनश्रेणीवर येते, हा तिचा गुण. परंतु संपूर्ण छेदाची सरासरी हाती लागत असल्याने जोड्या कोणत्या पेशींवर होत्या हे कळत नाही, हा दोष.

६. जवळ असणे आणि जोडीत असणे

वरील तिन्ही पद्धती वस्तुतः समीपता मोजतात. समीपतेवरून जोडीचे अनुमान करणे किती धोक्याचे आहे, हे एका साध्या गणिताने दाखविता येते. २० मायक्रॉन व्यासाची गोलाकार पेशी घेतल्यास तिचे पृष्ठफळ सुमारे १,२५० चौरस मायक्रॉन येते. हर-२ चे जनुक वाढलेल्या पेशीवर या ग्राहीचे २० लाखांपर्यंत रेणू असू शकतात. सामान्य पेशीवर ते २० हजारांच्या आसपास असतात. म्हणजे प्रत्येक चौरस मायक्रॉनवर पहिल्या पेशीत १,६०० व दुसरीत १६ रेणू होतात. आता असे समजावे की एकही जोडी अस्तित्वात नाही. सर्व ग्राही बिंदूवत असून पटलावर यदृच्छया विखुरलेले आहेत. अशा स्थितीत एखाद्या हर-३ च्या रेणूपासून विशिष्ट अंतराच्या आत हर-२ चा निदान एक रेणू सापडण्याची संभाव्यता पुढीलप्रमाणे येते.

५ नॅनोमीटरांच्या आत : सामान्य पेशीत ०.१ टक्का, जनुकवृद्धी झालेल्या पेशीत १२ टक्के.
१० नॅनोमीटरांच्या आत : अनुक्रमे ०.५ टक्का व ४० टक्के.
४० नॅनोमीटरांच्या आत : अनुक्रमे ८ टक्के व ९९ टक्क्यांहून अधिक.

शेवटची ओळ बारकाईने पाहण्यासारखी आहे. जनुकवृद्धी झालेल्या पेशीत प्रत्येक हर-३ भोवती ४० नॅनोमीटरांच्या वर्तुळात हर-२ चे सरासरी आठ रेणू केवळ दाटीमुळे येऊन बसतात. तेथे समीपता-बंधनाचे ठिपके विपुल दिसले, तर ते जोड्यांमुळे की गर्दीमुळे, हे त्या ठिपक्यांवरून सांगता येणार नाही. जी राशी संख्येहून वेगळे काही सांगेल म्हणून मोजावयास घेतली, तीच संख्येची प्रतिध्वनी ठरण्याचा हा धोका आहे. प्रत्यक्ष पेशीचे पटल सुरकुतलेले असते, ग्राहींना आकारमान असते आणि ते कोठे दाट, कोठे विरळ असतात. त्यामुळे हे आकडे आदर्श स्थितीचेच मानावेत. तथापि निष्कर्षाची दिशा त्याने बदलत नाही. ऊर्जासंक्रमणाचा आवाका लहान असल्याने त्यास हा दोष कमी बाधतो, पण दाट पेशींत तेही सर्वस्वी मुक्त नाही.

खरी जोडी व यदृच्छ समीपता यांचा भेद करणाऱ्या काही कसोट्या उपलब्ध आहेत. पहिली कसोटी आदात्याच्या दाटीची. जोडी खरी असेल तर कार्यक्षमता दाता व आदाता यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते, आदात्याच्या पृष्ठघनतेवर नव्हे. समीपता यदृच्छ असेल तर ती पृष्ठघनतेबरोबर वाढत जाते व घनता शून्याकडे नेल्यास शून्यावर येते. एकाच अर्बुदातील विरळ व दाट पेशींची मापने आलेखावर मांडली असता हा फरक पुष्कळदा स्पष्ट होतो. दुसरी कसोटी हस्तक्षेपाची. संवर्धित पेशींना हर-३ चा वृद्धिघटक हेरेग्युलिन दिल्यास मापन वाढले पाहिजे व पर्टुझुमॅब दिल्यास घटले पाहिजे. ज्या पद्धतीत असे घडत नाही ती जोड्या मोजत नाही. तिसरी कसोटी तुलनेची. हर-२ शी जोडी न करणारे परंतु पटलावर तितकेच विपुल असलेले एखादे प्रथिन घेऊन तेच मापन करावे. जो संकेत तेथेही मिळतो तो गर्दीचा होय.

७. ऊतकाची हाताळणी

गाठ काढल्यापासून ती फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंतच्या काळात पेशी रक्तावाचून असतात. ग्राहींवरील फॉस्फेट गळतात व जोड्याही बदलू शकतात. हर-२ च्या नेहमीच्या चाचणीसाठी हा काळ एका तासाच्या आत व फॉर्मॅलिनमधील वास्तव्य ६ ते ७२ तासांचे असावे असा अमेरिकन तज्ज्ञमंडळांचा निर्देश आहे. प्रथिनाच्या गणनेस जी शिस्त आवश्यक, ती जोडीच्या मापनास अधिकच आवश्यक आहे. जुन्या मेणठोकळ्यांवर केलेल्या अभ्यासांत हा इतिहास बहुधा अज्ञात असतो. म्हणून ज्यांतील जोड्यांचे प्रमाण आधी ठरविलेले आहे अशा संवर्धित पेशींचे ठोकळे प्रत्येक तुकडीबरोबर चालविणे हाच तुलनेचा आधार ठरतो.

समारोप

या अडचणी असूनही प्रयत्न निष्फळ ठरलेले नाहीत. २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने स्तनाच्या अर्बुदांच्या छेदांवर आयुःकाल-मापनाने हर-२ व हर-३ यांच्या जोड्या मोजल्या. ज्या रुग्णांत जोड्यांचे प्रमाण अधिक होते त्यांच्यात रोग दूरच्या अवयवांत पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक आढळला, आणि हा संबंध हर-२ च्या नेहमीच्या रंजनाच्या निकालावर अवलंबून नव्हता. संख्येत न दिसणारी माहिती जोडीत असू शकते, या मूळ अपेक्षेस यामुळे बळकटी येते. तरीही चिकित्सेचा निर्णय अद्याप संख्येवरूनच घेतला जातो. जोडीचे मापन नित्याच्या निदानाचा भाग झालेले नाही.

ते तसे व्हावयाचे तर जोड्यांचा आकडा एकट्याने सादर करण्याची प्रथा सोडावी लागेल. त्याच्यासोबत त्याच पेशींवरील दोन्ही ग्राहींची एकूण संख्या, वापरलेल्या पद्धतीचा अंतराचा आवाका आणि केवळ दाटीमुळे अपेक्षित असलेली समीपता, या तीन गोष्टी दिल्या पाहिजेत. अपेक्षित समीपता वजा जाऊन जे उरेल तेवढेच जोडीच्या नावावर जमा करावे. मापनाचे यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ही वजाबाकी केल्याशिवाय त्याच्या आकड्यास अर्थ येत नाही. आणि त्या आकड्यावरून ज्या रुग्णास औषध द्यावयाचे किंवा नाकारावयाचे, त्याच्या दृष्टीने ही वजाबाकी औपचारिक बाब निश्चितच नव्हे.